डिस्क लागत नाही

वणी
११ फेब्रुवारी २०१९

गुंजन,

पत्र फाडायचं असेल तर फाड, पण आधी सोबतची डिस्क लावून बघ. माझा नंबर तू ब्लॉक केला. तुझ्या बाबांनी मला तुमच्या गल्लीत पाय ठेवायची बंदी केली. राहिलं टपाल. तुझे बाबा, दीनानाथकाका, पोस्टमनला तर दारातून हाकलत नसतील.

कॉलेज सोडल्यापासून मी इथं वणीत धनसिंगकाकाच्या व्हिडिओच्या दुकानात आहे. तिसऱ्या वर्षातून उठून आलो म्हणून बाप तांड्यात माझं नाव घेत नाही. लग्नाच्या शूटिंगा जोडतो, जुन्या डिस्कांच्या कॉप्या काढतो. काकानं नागपूरच्या एका स्टुडिओतून जुना सफरचंदवाला कॉम्प्युटर आणला आहे, सगळं काम त्याच्यावर. मागं कोणत्या तरी नवरीचा व्हिडिओ बाहेर फुटला होता, तेव्हापासून काकानं पेनड्राइव्हच्या खाचांत एमसील भरलं आणि आमचे मोबाईल गल्ल्यात जमा होतात. बाहेर जाते ती फक्त डिस्क.

परवा देवीलाल ड्रायव्हर आला. म्हणे, ‘साहेबाच्या वास्तुशांतीची डिस्क हाय, नातेवाईकाईले वाटाच्या कॉप्या काढून दे.’ साहेब कोण ते मी विचारलं नाही, मला ठाऊक होतं. कोळशाच्या ट्रकांचा मालक मंदार. तू मे महिन्यात ज्याच्या गळ्यात माळ घालणार तो.

खरं सांगतो, डिस्क फोडणारच होतो. मग वाटलं, त्याचं घर तरी बघू, जिथं तू जाणार. लावली, तर पडद्यावर एका डिस्कच्या जागी दोन आल्या. एकीत वास्तुशांत. दुसरीत जे आहे ते तू तुझ्या डोळ्यांनी बघ. मी सांगितलं तर म्हणशील, जळून राह्यला.

जशीच्या तशी कॉपी करून पाठवतो आहे. दुसरी बघ, गुंजन.

ओम

•

यवतमाळ
२० फेब्रुवारी २०१९

ओम,

पाकीट आईच्या हातात पडलं. तिनं न उघडता मला दिलं, हे तुझं नशीब. बाबांच्या हातात पडलं असतं तर तू पुन्हा ठाण्यात बसला असतास.

डिस्क बाबांच्या कॉम्प्युटरवर लावली. एकच आली. वास्तुशांत. गुरुजी, होम, पंगत, आणि मंदार आपल्या आईला पेढा भरवताना. पांढऱ्या कुर्त्यात बरे दिसतात. आईनं दोनदा बघितलं. तुझे आभार मानावेत की काय कळेना, माझ्या होणाऱ्या घराची ओळख तूच करून दिलीस.

‘दुसरी’ वगैरे काही नाही. मी सगळ्या फायली उघडल्या. तू काय दाखवणार होतास? त्यांची पहिली बायको? ते आम्हाला ठाऊक आहे. त्यांनीच पहिल्या भेटीत सांगितलं. प्रेमविवाह होता, पटलं नाही, ती माहेरी निघून गेली, कागदपत्रं झाली. लपवलं असतं तर गोष्ट वेगळी.

माझ्या वाढदिवसाला तू कँटीनच्या काचेत हात घातलास, कारण मी दुसऱ्या कोणाशी बोलले. ते मला गोड वाटलं होतं, हे मी नाकारत नाही. पण रोज रक्त बघून माणूस थकतो रे. आता नको पाठवू काही.

गुंजन

•

वणी
२४ फेब्रुवारी २०१९

गुंजन,

चूक माझी. कॉलेजात तीन वर्षं काय झोपा काढल्या काय जाणे. ऐक.

डिस्क अर्धी भरली, काही दिवसांनी उरलेल्या जागेत दुसरं भरलं, तर डिस्कवर दोन थर होतात. तुमच्या घरच्या साध्या कॉम्प्युटरला वरचाच थर दिसतो. खालचा पुसला असं वाटतं. पुसलेला नसतो. आमचा सफरचंदवाला दोन्ही थर वेगवेगळ्या डिस्का म्हणून पडद्यावर मांडतो. मंदारनं हेच केलं. ड्रॉवरमधली अर्धी वापरलेली डिस्क उचलली आणि तिच्यावर वास्तुशांत भरली. लाखाचे ट्रक, अन् नवी डिस्क घ्यायला जीव झाला नाही. त्याच्या कॉम्प्युटरवर एकच दिसली, तो निश्चिंत झाला.

खालच्या थरात त्याची बायको आहे. सलोनी. लहान लहान क्लिपा, बहुतेक महिन्याला एक. पहिलीत ती भरल्या अंगाची आहे. शेवटचीत गळ्याची हाडं मोजता येतात. प्रत्येक वेळी तीच खोली, तीच खुर्ची. मागं हिरवी खिडकी, तिच्यावर बाहेरून फळी ठोकलेली. कॅमेऱ्यामागून मंदार बोलतो, अगदी हळू, लहान पोराला समजावल्यासारखा. ‘हसून. तुझ्या आईला पाठवायचंय.’ आणि ती हसते. म्हणते, ‘मी सुखात आहे. काळजी करू नका.’

आणि मग हात जोडून एक वाक्य. ‘याडी, मन लेजा.’

मी खुर्चीवरून उठलो, गुंजन. ती आमच्यातली पोरगी आहे. ती गोरबोली आहे, माझ्या घरची भाषा. आई, मला घेऊन जा. प्रत्येक क्लिपमध्ये हसत हसत हेच. आणि मागून तो म्हणतो, ‘छान. नमस्कार पण केलास.’

खालचा थर वेगळा काढून नवी डिस्क भरली, सोबत आहे. हिच्यात वास्तुशांत नाही, फक्त सलोनी. आता तरी बघ. कँटीनच्या काचेचं मनात धरू नको, ती काच होती.

ओम

•

यवतमाळ
६ मार्च २०१९

ओम,

तुझी दुसरी डिस्क लावली. कॉम्प्युटर म्हणतो, ही रिकामी आहे, फॉरमॅट करायची का? तीनदा लावली, पुसून लावली. रिकामी.

तू पत्रात लिहिलेलं मी मात्र पुन्हा पुन्हा वाचलं, आणि वाचता वाचता माझ्या लक्षात आलं. ती बाई जे वाक्य बोलते म्हणतोस ते तुझ्याच बोलीतलं. यवतमाळात कोणाला कळणार नाही असं, आणि तुला नेमकं कळणारं. तू व्हिडिओ जोडायचं काम करतोस, ओम. कोणाच्या तोंडी काहीही घालता येतं तुला. हे फार झालं.

तरी मला झोप लागेना. खोटं असेल तर खोटंच ठरू दे म्हणून मी मंदारलाच विचारलं. तू वर्णन केलेला तो सफरचंदवाला कॉम्प्युटर त्यांच्या ऑफिसात नुकताच आलाय. ते रविवारी आले होते, मी डिस्क त्यांच्या हातात दिली. म्हटलं, एका मित्रानं पाठवली, आमच्याकडे लागत नाही, बघाल का? तुझं नाव मी घेतलं नाही. त्यांनीच विचारलं, वणीच्या दुकानातून आली का म्हणून. परवा फोन आला. म्हणाले, लावून बघितली, रिकामीच आहे, मित्राला म्हणावं नवी पाठव.

बघ, रागावले पण नाहीत.

आणखी एक. गुरुजींनी मेऐवजी ह्याच महिन्याच्या शेवटचा मुहूर्त काढला. मंदारचीच तशी इच्छा आहे. आईची धावपळ चालू आहे. शुभेच्छा देता आल्या तर दे.

गुंजन

•

वणी
१० मार्च २०१९

गुंजन,

तू त्यालाच दिली.

पत्र आलं तेव्हा मी पायरीवर बसून वाचलं आणि तिथंच बसून राहिलो. रिकामी तुमच्या कॉम्प्युटरला दिसते, कारण मी घाईत ती सफरचंदवाल्याच्याच पद्धतीनं भरली. त्याच्या ऑफिसात ती लख्ख लागली असणार. त्यानं सगळं बघितलं आणि तुला फोनवर रिकामी म्हणाला. एवढं एकच मनात घोळव. दुसरं काही नको.

गुरुवारी तो दुकानात आला. गाडी लांब लावून, एकटा. धनसिंगकाकाच्या पाया पडला. चहा पिला. म्हणाला, ‘माझी वास्तुशांतीची डिस्क परत द्या, अन् काही कॉप्या असतील तर त्या बी.’ काका घाबरून आतून सगळं घेऊन आला. मग मंदार माझ्याकडे वळला. ‘ओम नं तू? लग्नाची शूटिंग तूच कर. तुहा हात लय स्थिर हाय म्हन्ते.’ माझा हात तेव्हा टेबलाखाली कातरीवर होता. पण त्याचा आवाज, गुंजन, तोच हळू आवाज. मी कातर सोडून दिली. तो गेल्यावर काकानं मशीनमधलं सगळं पुसायला लावलं. म्हणे, ‘मले धंदा कराचा हाय बाबू.’

मी गाडी काढली अन् केळापूरकडे गेलो. आमच्या लोकांत विचारत गेलो तर कळलं, सलोनीचं माहेर तिकडल्या एका तांड्यात आहे. बाप हिरासिंग, म्हातारा कडक माणूस. पोरगी जातीबाहेर गेली म्हणून त्यानं दार लावून घेतलं होतं. मी विचारलं, सलोनी घरी आहे का? तो म्हणाला,

‘काहून थट्टा करून राह्यला? ते त कोन्या ड्रायव्हरसंग पयाली म्हून जावई सोता सांगाले आलता. इथंच बसून रडला.’

तुम्हाला सांगितलं माहेरी गेली. माहेरच्यांना सांगितलं पळाली. मग ती कुठं आहे?

मी डिस्कांचं विचारलं. म्हातारा मला वावरात घेऊन गेला. ज्वारीत दोऱ्या बांधल्या होत्या आणि दोऱ्यांवर डिस्का लटकत होत्या, उन्हात चमकत. ‘जावई पाठवे. पांढरकवड्याच्या कॅफेत लावून पाह्यल्या, लागेच ना. म्हनलं पाखरं त हाकलतीन.’

त्यातली एक दोरीवरून सोडवून आणली, बाकीच्या पाऊसवाऱ्यानं गेल्या होत्या. भरून झाल्यावर मंदारनं त्या बंदच केल्या नव्हत्या, तशी डिस्क दुसऱ्या मशीनला सहसा लागत नाही. म्हातारा माझ्या मागं गाडीवर बसून वणीपर्यंत आला. काका जेवायला गेल्यावर सफरचंदवाल्यावर लावली. अडकत अडकत अर्धी लागली. सलोनी हसली, ‘मी सुखात आहे’ म्हणाली, मग हात जोडून ते वाक्य. म्हातारा म्हणाला, ‘अजून एकडाव लाव.’ तेच पुन्हा लावलं. पुन्हा म्हणाला, लाव.

त्यानं ठाण्यात अर्ज दिला. ते म्हणाले, तुम्हीच तर पळाली म्हणत होते.

तू नको जाऊ. माझ्याशी लग्न करू नको, माझं तोंड पाहू नको, पण तिथं जाऊ नको. तुझ्या बाबांना मी फोन केला, आवाज ओळखून ठेवला त्यांनी. ऐकलं नाही तर मी मांडवात येईन. सांगून ठेवतो.

ओम

•

वणी
१४ एप्रिल २०१९

ओम,

हे पत्र धनसिंगकाकांच्या पत्त्यावर टाकते आहे. तू कुठं आहेस मला माहीत नाही. पोलिसांनी तुला मांडवातून नेलं तेव्हा तुझ्या कपाळातून रक्त येत होतं आणि तू ‘सलोनी कुठाय?’ म्हणून ओरडत होतास. माझ्या मावश्यांना वाटलं सलोनी म्हणजे मीच, तू मला लाडानं म्हणायचास ते नाव. सगळे कुजबुजत होते. बाबांना खुर्चीवर बसवावं लागलं. मंदार तेवढे शांत होते. त्यांनीच इन्स्पेक्टरला सांगितलं, मारू नका पोराला, प्रेमात असं होतं.

मी बरी आहे. घर मोठं आहे, खाणीच्या रस्त्याला, आजूबाजूला वस्ती नाही. हे राहतात कधीपासूनच, वास्तुशांत तेवढी उशिरा केली. सासूबाई ती झाल्यावर मोठ्या मुलाकडे राहायला गेल्या त्या गेल्याच. फोनला रेंज येत नाही म्हणून माझा फोन मंदारच्या ऑफिसात असतो, ते निरोप आणतात. कामाला बिजलीबाई येते, तुमच्यातलीच. फारशी बोलत नाही. तुझं नाव काढलं तर ऐकते. हे पत्रही तीच टपालात टाकेल.

आईसाठी व्हिडिओची डिस्क करायची म्हणतात, दर महिन्याला एक. फोनवरून व्हिडिओ पाठवलेले त्यांना आवडत नाहीत, कोणाच्याही हाती लागतात म्हणे. उद्या पहिली करायची आहे. मागच्या खोलीत उजेड चांगला येतो म्हणून तिथं.

तिथली खिडकी हिरवी आहे. हिरव्या खिडक्या पुष्कळ घरांना असतात.

तुला उत्तर पाठवायला सांगत नाही. पाठवूच नको.

गुंजन

•

यवतमाळ
७ नोव्हेंबर २०१९

चि. ओम यास,
रत्नप्रभाकाकूंचे आशीर्वाद.

तुझा पत्ता धनसिंग यांच्याकडून मिळाला. तुला वणीत पाय ठेवायचा नाही असं लिहून द्यावं लागलं आणि तू फुलसावंगीला स्वतःचं छोटं दुकान घातलंस, असं कळलं. बरं केलंस. मागचं मी मनात ठेवलेलं नाही. गुंजनचे बाबा ठेवतात, म्हणून हे पत्र त्यांच्या अपरोक्ष.

काम असं आहे. जावईबापू दर महिन्याला गुंजनच्या व्हिडिओची डिस्क कुरियरनं पाठवतात. आमच्या कॉम्प्युटरवर चालेल अशी, व्यवस्थित, वर नाव लिहून. खुर्चीवर बसलेली असते. मी सुखात आहे, काळजी करू नका, म्हणते. एवढंच. वाळली आहे, पण लग्न झाल्यावर मुली वाळतात. दसऱ्याला आणि दिवाळीला दोघांनी येतो म्हणून कळवलं आणि आले नाहीत. हे भेटायला निघाले तर जावईबापूंचा निरोप आला, गावाला चाललो, नंतर या.

ऑक्टोबरची डिस्क आलीच नाही. काल मात्र साध्या टपालानं एक पाकीट आलं. तिकिटं कमी लावली होती, पोस्टमनला दंड भरून सोडवलं. पत्ता गुंजनच्या अक्षरात, पण कसातरी लिहिलेला. आत वहीच्या कागदात गुंडाळलेली डिस्क, चिठ्ठी नाही. आमच्या कॉम्प्युटरला ती लागत नाही. रिकामी आहे, फॉरमॅट करायची का, असं विचारतो. शेजारच्या मुलानं तर करूच म्हणून बटणावर बोट ठेवलं होतं, मी हात धरला.

मला आठवलं, तुझ्या एका डिस्कचं असंच झालं होतं. म्हणून सोबत पाठवते आहे. आमच्याकडे दिसेल अशी करून दे. तुला वाईट वाटणार असेल तर तू बघू नकोस, फक्त बदलून दे.

सौ. रत्नप्रभा

•

फुलसावंगी
१२ नोव्हेंबर २०१९

काकू,
साष्टांग नमस्कार.

डिस्क लागली. माझ्याकडे तोच जुना सफरचंदवाला आहे, धनसिंगकाकानं भीतीनं दुकानाबाहेर काढला तो. तुम्ही म्हणाल्या बघू नको. मी बघितली. बदलून देत नाही, कारण ही तुम्ही घरात काकांसोबत बसून बघायची डिस्क नाही. काय आहे ते लिहितो. वाचून संपल्यावर रडा, मध्ये नको.

मागची खोली. हिरवी खिडकी, बाहेरून फळी. गुंजन खुर्चीत आहे. कॅमेऱ्यामागून मंदार हळूच म्हणतो, ‘हसून. तुझ्या आईला पाठवायचंय.’ ती हसते. म्हणते, ‘मी सुखात आहे. काळजी करू नका.’ मग हात जोडते आणि सरळ कॅमेऱ्यात बघून म्हणते, ‘याडी, मन लेजा.’

ही गोरबोली आहे, काकू. हे वाक्य मी तिला फेब्रुवारीत पत्रात लिहिलं होतं, तेव्हा ती मला खोटारडा म्हणाली. ह्याच खुर्चीवर बसून मंदारची पहिली बायको हेच म्हणायची, आणि त्याला वाटायचं नमस्कार करते. पण तुमच्याकडे न लागलेली माझी डिस्क त्यानं लावून ऐकलेली आहे. तेच शब्द आता दुसऱ्या बायकोच्या तोंडून त्याच्या कानावर पडले. मागून तो विचारतो, ‘हे कुठून शिकलीस?’ रागानं नाही. कॅमेरा खाली येतो, फरशी दिसते, तिची पावलं दिसतात. पायात काही नाही. तिथं संपतं.

ही क्लिप त्यानं तुम्हाला पाठवायची म्हणून नक्कीच ठेवली नसेल. टाकून दिली असेल. तिनं ती त्याच्या मशीनवरून उचलून डिस्कवर घेतली, माझ्यासारखीच घाईत, सफरचंदवाल्याच्या पद्धतीनं, म्हणून तुमच्याकडे लागली नाही. टपालात तिच्या घरची बिजलीबाई जमलं तेव्हा टाकून आली असावी. तिच्याजवळ तिकिटाला तेवढेच पैसे असतील. डिस्क भरल्याची तारीख आत दिसते. दसऱ्याच्या आधीची आहे. त्यानंतर गुंजनला कोणी बघितलं का, हे मी धनसिंगकाकाला, देवीलालला, सगळ्यांना विचारलं. नाही.

पहिल्या बायकोच्या डिस्काही अशाच एक दिवस यायच्या बंद झाल्या होत्या. ती अजून सापडलेली नाही.

तुम्हाला वाटत असेल मी कुऱ्हाड घेऊन निघालो असेन. काढली होती. माझ्या बहिणीनं, वर्षानं, ती हातातून घेतली. म्हणाली, ‘मांडवात गेलता तवा काय झालं? तुले पकडून नेलं अन् तिले त्याच्या घरी.’ खरं आहे. मी गेटवर उभा राहिलो तर तो पुन्हा पोलिसांना म्हणेल, प्रेमात असं होतं, आणि गेट लावून घेईल. सलोनीचा बाप हिरासिंग मार्चपासून अर्ज घेऊन फिरतो आहे, त्यालाही तो म्हणतो, तुमची पोरगी पळाली. आम्हा दोघांना नाही म्हणता येतं. पोरीच्या आईला दारातून परत पाठवायला त्याला कारण शोधावं लागेल, आणि तेवढ्या वेळात आम्ही आत जाऊ.

म्हणून हे पत्र टपालात टाकत नाही. फोन केला नाही, काकांनी उचलला असता. वर्षा घेऊन आली आहे. ती आत्ता तुमच्यासमोर उभी आहे, तिच्या पिशवीत डिस्क आहे. कोपऱ्यावर जीप आहे. आत हिरासिंगकाका बसले आहेत, ते बोलणार नाहीत, त्यांच्याशी बोलू नका. वणीच्या अलीकडं नाक्यावर मी उभा राहीन.

काकांना सांगायचं तर वाटेतून फोनवर सांगा.

मी सात महिने धरून बसलो होतो की तिनं हाक मारली तर ती मलाच असेल. ही हाक मला नाही. याडी म्हणजे आई. मन लेजा म्हणजे मला घेऊन जा. दुसऱ्याची भाषा उसनी घेऊन तिनं तुम्हाला सांगितलं आहे.

चपला घाला, काकू, आणि निघा.

ओम